तार कुठल्या बाजूने गुंडाळायची? टेस्ला कॉइल आणि दिशेच्या प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला अगदी छोटा वाटेल. घरी टेस्ला कॉइल बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतो: तार कुठल्या बाजूने गुंडाळायची? प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही एकाच दिशेने गुंडाळायच्या की एकमेकींच्या उलट? आणि चुकून उलटं झालं तर?

हा प्रश्न विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा कॉलेजात असते. तीन-चार इंची पीव्हीसी पाइप आणलेला असतो, त्यावर बारीक इनॅमल तारेचे हजारभर वेढे एकाला एक चिकटून घातलेले असतात. त्यात दोन-तीन संध्याकाळी गेलेल्या असतात. मग कुणीतरी जाणकार येतो, बघतो आणि सांगतो, "अरे, ही तर उलटी गुंडाळलीस!" तार उलगडली जाते, इनॅमल खरवडलं जातं, कधी तार तुटते आणि कधी उत्साहही तुटतो. म्हणून प्रश्न छोटा असला तरी त्याचं उत्तर नीट मिळायला हवं.

उत्तर आधीच सांगून टाकू. कॉइल एकटी असेल आणि प्रायमरी-सेकंडरीचा संबंध फक्त चुंबकीय क्षेत्रातून येत असेल, तर सेकंडरी कुठल्या बाजूने गुंडाळली याने ठिणगीच्या लांबीत लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो तुलना करायला दुसरं काहीतरी समोर असेल तेव्हा: दुसरी कॉइल, सामाईक तार किंवा फीडबॅक घेणारा ट्रान्झिस्टर. एवढंच असेल तर व्याख्यान कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण "दिशा महत्त्वाची आहे" ही समजूत कुणी हवेतून काढलेली नाही. एके काळी ती पूर्णपणे खरी होती. ती खरी कुठे होती आणि कधीपासून राहिली नाही, हे आज आपण बघणार आहोत.

सुया आणि वेटोळी

गोष्ट सुरू होते १८२० साली. कोपनहेगनला ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई वळते. ही बातमी पॅरिसला पोचली आणि काही आठवड्यांत आम्पेर आणि आरागो कामाला लागले. आरागोने पोलादी सुई तारेच्या वेटोळ्यात ठेवली, तारेतून वीज सोडली आणि सुई कायमची चुंबक झाली. त्या दोघांच्या लगेच लक्षात आलं की वेटोळं उजव्या आट्याचं असेल तर उत्तर ध्रुव सुईच्या एका टोकाला येतो आणि डाव्या आट्याचं असेल तर दुसऱ्या. म्हणजे विजेच्या इतिहासात गुंडाळण्याच्या दिशेचा प्रश्न अगदी पहिल्या वर्षापासून आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण पुढे ती लागेल. वेटोळ्याची दिशा ही बोल्टच्या आट्यांसारखी असते. बोल्ट उलटा धरला, डोकं खाली केलं, तरी उजव्या आट्याचा बोल्ट डाव्या आट्याचा होत नाही. नट त्यावर तसाच बसतो. तसंच सेकंडरीचा पाइप खालचा वर केला तरी तिची दिशा बदलत नाही. "उलटी गुंडाळली असेल तर पाइप उलटा करून ठेव" हा सल्ला अनेकदा ऐकू येतो; त्याने काहीही होत नाही.

पुढचा मोठा टप्पा १८३१ चा. २९ ऑगस्टला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई. बॅटरी जोडताक्षणी सुईला झटका बसला आणि ती परत जागेवर आली. बॅटरी तोडली तेव्हा पुन्हा झटका, पण विरुद्ध दिशेला. मधल्या काळात, प्रवाह सुखाने वाहत असताना, काहीही नाही. बारावीच्या पुस्तकात आपण जे विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकतो ते हेच. तीन वर्षांनी, १८३४ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या लेन्झने त्या दिशेला नियम दिला: प्रवर्तित प्रवाह ज्या बदलामुळे निर्माण झाला त्या बदलालाच विरोध करतो.

फॅरडेच्या प्रयोगात दोन झटके होते आणि दोन दिशा होत्या. जोडताना एक, तोडताना दुसरी. हे लक्षात ठेवा.

चुकार सुयांनी दिलेलं उत्तर

आता थोडं मागे जाऊ. बॅटरीच्या जोडीने त्या काळी विजेचा आणखी एक साठा वापरात होता: लेडन जार. काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा, म्हणजे आपला आजचा कपॅसिटर. तो भरायचा आणि तारेतून एकदम रिकामा करायचा. फट्‌ आवाज येऊन ठिणगी पडते.

१८२७ साली फेलिक्स सावारी या फ्रेंच संशोधकाने अशा ठिणगीच्या तारेजवळ पोलादी सुया वेगवेगळ्या अंतरावर ठेवून त्या चुंबकित केल्या. अपेक्षा अशी की सगळ्या सुयांचा उत्तर ध्रुव एकाच बाजूला येईल. वीज बरणीच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेली, दिशा एकच. प्रत्यक्षात काही सुया सुलट निघाल्या, काही उलट. अंतर बदललं की दिशा बदलायची, पुन्हा बदललं की परत यायची. सावारीने अंदाज केला की वीज एकदाच जाऊन थांबत नसावी, ती पुढे-मागे हेलकावत असावी.

अमेरिकेत प्रिन्स्टनला जोसेफ हेन्रीच्या हातीही अशाच चुकार सुया आल्या. तळघरात ठेवलेल्या सुया त्याने सुमारे ३० फूट वरच्या खोलीतल्या ठिणगीने चुंबकित करून दाखवल्या होत्या, यावरून त्याच्या हाताची कल्पना येईल. १८४२ मध्ये त्याने ठाम मत मांडलं: बरणी रिकामी होते तेव्हा प्रवाह एका दिशेला जातो, मग उलट येतो, पुन्हा जातो, दर खेपेला थोडा थोडा कमी होत जातो आणि शेवटी थांबतो. सुईला चुंबकित करण्याइतकी ताकद ज्या शेवटच्या हेलकाव्यात उरली असेल, त्या हेलकाव्याची दिशा सुई धरून बसते. जवळच्या सुईसाठी तो हेलकावा एक, लांबच्या सुईसाठी दुसरा.

पुढे १८५३ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी या हेलकाव्यांचं गणित मांडलं. रोध कमी असेल तर प्रवाह हेलकावतो, जास्त असेल तर एकाच दिशेने विरून जातो, हे त्यातून निघालं. १८५८ नंतरच्या काही वर्षांत फेडरसनने फिरत्या आरशाच्या मदतीने ठिणगीची छायाचित्रं काढली. त्यात एक ठिणगी प्रकाशाच्या अनेक पट्ट्यांत फाकलेली दिसली. हेलकावे डोळ्यांना दिसले.

आमच्या मते या सगळ्या कथेतलं हे सर्वांत महत्त्वाचं पान आहे. सुयांच्या दिशेचा मेळ बसेना म्हणून दोलन सापडलं. आणि जिथे दोलन आहे तिथे "प्रवाहाची दिशा कोणती" या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं. सेकंदाच्या लाखाव्या भागात ती अनेकदा उलटते. टेस्ला कॉइल ही याच हेलकावणाऱ्या ठिणगीवर उभी आहे.

दिशा खरोखर महत्त्वाची होती तेव्हा

मग दिशेचा आग्रह आला कुठून? इंडक्शन कॉइलमधून. आयर्लंडमध्ये मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन या धर्मगुरूंनी १८३६ मध्ये अशी कॉइल बनवली. पुढे पॅरिसमधला जर्मन कारागीर हाइनरिश रूमकोर्फ याने १८५१ पासून ती इतकी सफाईदार केली की नावच "रूमकोर्फ कॉइल" पडलं. १८६४ मध्ये फ्रान्सच्या सम्राटाने ठेवलेलं ५०,००० फ्रँकचं पारितोषिक त्याला मिळालं.

ही कॉइल चालते कशी? आत लोखंडी तारांचा जुडगा, त्यावर जाड तारेची प्रायमरी, त्यावर मैलोन्‌मैल बारीक तारेची सेकंडरी. प्रायमरीत बॅटरीचा प्रवाह सोडायचा आणि एका थरथरत्या पट्टीने तो सतत जोडायचा-तोडायचा. फॅरडेचे दोन झटके इथे पुन्हा भेटतात. पण जोडताना प्रवाह हळूहळू वाढतो आणि तोडताना तो अचानक कोसळतो. बदल जितका झपाट्याने होतो तितका दाब जास्त, त्यामुळे तोडतानाचा झटका जोडतानाच्या झटक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. १८५३ मध्ये फिझोने जोडणीवर कपॅसिटर लावला, त्यामुळे प्रवाह आणखी झटकन तुटू लागला. लांब ठिणगी पडते ती फक्त तोडतानाच्या झटक्याने. जोडतानाचा झटका हवेतलं अंतर ओलांडूच शकत नाही.

म्हणजे व्यवहारात या कॉइलचं एक टोक कायम धन आणि दुसरं कायम ऋण. तार उलटी गुंडाळली की टोकांची अदलाबदल. १८९५ च्या नोव्हेंबरात रॉन्टगेनला क्ष-किरण सापडल्यावर तर हे फार महत्त्वाचं झालं, कारण क्ष-किरणांच्या नळीला कॅथोड कुठला आणि ॲनोड कुठला हे ठरलेलं असतं. उलटी जोडली तर नळी नीट चालत नाही आणि खराबही होते. म्हणूनच अशा कॉइलींवर प्रवाहाची दिशा पालटणारी कळ बसवलेली असायची. त्या काळच्या कारागिराने शिकाऊ पोराला "दिशा सांभाळ" असं बजावलं असेल तर ते शंभर टक्के योग्य होतं.

आमची समजूत अशी की हाच धडा पुढे टेस्ला कॉइलच्या घरात वारशाने आला. दिसायला दोन्ही यंत्रं सारखी: प्रायमरी, सेकंडरी, ठिणगी. आतली गोष्ट मात्र बदलली होती.

टेस्लाचे दोन शोध, दोन स्वभाव

निकोला टेस्लाकडे येऊ. १८८८ च्या मे महिन्यात न्यू यॉर्कच्या विद्युत अभियंत्यांसमोर त्याने आपली फिरत्या चुंबकीय क्षेत्राची मोटर मांडली. ती आपल्याकडे प्रत्येक शेतात पोचली आहे. थ्री-फेज मोटर उलटी फिरायला लागली की शेतकरी काय करतो? तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करतो. मोटर सुलट. तिथे फेजचा क्रम हेच सर्वस्व आहे, कारण तीन फेज एकामागून एक येतात आणि त्यांच्या क्रमावर क्षेत्र कुठे फिरणार हे ठरतं. तीन मुली फेर धरून फिरत असतील तर कुणामागे कोण याला अर्थ असतो. दोघींच्या फुगडीत कोण पुढे आणि कोण मागे, हे सांगता येत नाही.

याच माणसाने तीन वर्षांनी, २० मे १८९१ रोजी, कोलंबिया कॉलेजात उच्च वारंवारितेच्या प्रवाहांचे प्रयोग दाखवले. जूनमध्ये त्याचं पेटंट आलं. आज आपण जिला टेस्ला कॉइल म्हणतो तिचा जन्म इथला.

तिचं काम थोडक्यात असं. ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो. दाब पुरेसा वाढला की स्पार्क गॅपमध्ये ठिणगी पडते आणि कपॅसिटर प्रायमरीतून रिकामा होतो, हेन्रीच्या बरणीसारखा, हेलकावत. हे हेलकावे सेकंदाला लाखभर ते काही लाख. सेकंडरीची स्वतःची लय तेवढीच जमवलेली असते, म्हणून तिच्यात हेलकावे वाढत जातात. झोका आठवा. नेमक्या वेळी छोटे छोटे धक्के दिले की झोका उंच जातो.

आता विचारा: झोक्याला पहिला धक्का मागून दिला की पुढून, याने तो किती उंच जाईल यात फरक पडतो का? नाही पडत. फक्त तो आधी पुढे जातो की आधी मागे, एवढंच बदलतं. सेकंडरी उलटी गुंडाळली तर नेमकं हेच होतं. वरचं टोक ज्या क्षणी धन असतं त्या क्षणी ऋण होतं. अर्ध्या हेलकाव्याने पुन्हा उलट. ठिणगी हवेत कुठे पोचायची तिथेच पोचते.

आणखी एक मुद्दा आहे, आणि आमच्या मते तो वाद मिटवायला पुरेसा आहे. घरच्या कॉइलचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालतो. म्हणजे कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो, एकदा सुलट, एकदा उलट. त्यामुळे हेलकाव्याची पहिली दिशासुद्धा सेकंदाला शंभरदा आपोआप पालटते. तुम्ही तार उजवीकडून गुंडाळा की डावीकडून, दोन्ही प्रकार त्या कॉइलमध्ये रोज घडतच असतात.

अगदी काटेकोर बोलायचं तर एक छोटी पुस्ती जोडायला हवी. जवळ बसलेल्या दोन वेटोळ्यांत चुंबकीय संबंधाशिवाय थोडासा विद्युतक्षेत्राचाही संबंध असतो. दिशा एक असेल तर तो मिळवला जातो, दुसरी असेल तर वजा होतो. पण सेकंडरीचं खालचं टोक अर्थ केलेलं आणि वर मोठा गोळा किंवा टोरॉइड असेल, तर हा वाटा लहान असतो. प्रायमरीचा टॅप अर्धा वेढा इकडे-तिकडे सरकवला की त्याहून मोठा फरक दिसतो. हजार वेढे उलगडण्याचं कारण त्यात नाही.

टेस्लाने मुद्दाम उलटं गुंडाळलं, ते का?

"पण टेस्लाने स्वतः उलटं गुंडाळलं होतं!" हा आक्षेप हमखास येतो आणि तो खरा आहे. फेब्रुवारी १८९२ मध्ये लंडनच्या व्याख्यानात त्याने आपल्या कॉइलचं तपशीलवार वर्णन दिलं. सेकंडरी दोन भागांत, कठीण रबराच्या दोन रिळांवर, गटापर्चाचं आवरण असलेल्या तारेची. प्रत्येक रिळावर २६ थर, दर थरात १० वेढे, एकूण २६०. सगळं तेलात बुडवलेलं. आणि दोन्ही भाग एकमेकांच्या विरुद्ध गुंडाळून एकसर जोडलेले.

विरुद्ध का? रिळावर तार आतून बाहेर थराथराने वाढत जाते. टेस्लाने दोन्ही रिळांची आतली टोकं, म्हणजे प्रायमरीच्या जवळची, एकमेकांना जोडली. आता मनातल्या मनात तारेवरून चाला. पहिल्या रिळात बाहेरून आत येता, दुसऱ्यात आतून बाहेर जाता. दोन्ही रिळं एकाच पद्धतीने गुंडाळलेली असतील तर पहिल्यात तुम्ही एका अंगाने फिरता आणि दुसऱ्यात नेमके उलट्या अंगाने. दोन भागांचे दाब एकमेकांना खाऊन टाकतात. दुसरं रीळ विरुद्ध गुंडाळलं की तुम्ही सगळीकडे एकाच अंगाने फिरता आणि दाबांची बेरीज होते. म्हणजे त्याने उलटं गुंडाळलं ते सगळं सुलट यावं म्हणून.

फायदाही त्याने सांगितला आहे. दोन्ही बाजूंना सारखा भार असेल तर मधला जोड जवळपास शून्य दाबावर राहतो आणि तोच प्रायमरीच्या लगत असतो. त्यामुळे तिथलं इन्सुलेशन फोडून ठिणगी प्रायमरीत घुसण्याची भीती उरत नाही. प्रायमरीसुद्धा त्याने दोन भागांत केली आणि तिची चारही टोकं तेलाबाहेर काढून ठेवली. जोडणी कशी करायची ते बाहेरून ठरवता यावं.

असाच गैरसमज त्याच्या १८९४ च्या दुहेरी तारेच्या कॉइलबद्दल होतो. जानेवारीत मिळालेल्या त्या पेटंटात दोन तारा शेजारी शेजारी चकतीसारख्या गुंडाळायच्या आणि पहिल्या तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायचं. मग शेजारच्या दोन वेढ्यांमधला दाबाचा फरक एकूण दाबाच्या निम्मा होतो. पेटंटातलं उदाहरण १,००० वेढे आणि १०० व्होल्टचं आहे: साध्या कॉइलमध्ये शेजारच्या वेढ्यांत ०.१ व्होल्ट, या जोडणीत ५० व्होल्ट. वेढ्यांमध्येच कपॅसिटरसारखी ऊर्जा साठते. पण याच दोन तारांची शेवटची टोकं एकमेकांना जोडली, तर प्रवाह एकीतून जातो आणि दुसरीतून परत येतो, चुंबकीय क्षेत्र मरतं आणि कॉइल नुसता रोध बनते. गुंडाळणं तेच, सोल्डरचा एक थेंब दुसरीकडे. म्हणून गुंडाळण्याची दिशा आणि जोडणी या दोन गोष्टींचा नेहमी एकत्रच विचार करावा लागतो.

दुसरं कुणी समोर असेल तेव्हा

आता ज्या जागी दिशा खरोखर बघावी लागते त्या तीन जागा.

पहिली, सामाईक तार. १८९० च्या दशकात पॅरिसचे डॉक्टर उदँ यांनी वैद्यकीय उपयोगासाठी एक रेझोनेटर बनवला. त्यात खालचे काही वेढे प्रायमरीचं काम करतात आणि तीच तार पुढे सेकंडरी म्हणून वर चढते. तार अखंड असेल तर दिशा आपोआप जुळते. दोन वेगळी वेटोळी जोडून तेच करायचं असेल तर प्रायमरीचा दाब सेकंडरीत मिळवला जाईल की वजा होईल हे बघायला हवं. अर्थात प्रायमरीवर दहा-पंधरा हजार व्होल्ट आणि सेकंडरीच्या टोकाला काही लाख असतील, तर ही बेरीज-वजाबाकी एकूण हिशेबात थोडीच.

दुसरी जागा, जुळ्या कॉइली. दोन सारख्या कॉइली शेजारी उभ्या करून त्यांच्या डोक्यांमध्ये कमान पाडायची. इथे फेज म्हणजे सगळं काही. दोन झोके शेजारी आहेत. दोन्ही एकदमच पुढे आणि एकदमच मागे गेले तर त्यांच्यातलं अंतर कायम तेवढंच राहतं: दोन्ही टोकांचा दाब एकसारखा, मध्ये ठिणगी पडायचं कारणच नाही. एक पुढे असताना दुसरा मागे असेल तर दोघांमधला फरक दुप्पट होतो. खाली जोडलेली टोकंही मग एकमेकांना प्रवाह पुरवतात, अर्थवरचा भार हलका होतो.

जुळ्या कॉइली मध्ये ठिणगी न पाडता भलतीकडेच ठिणग्या फेकत असतील तर काय करायचं? एका प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करायची. बस्‌. सेकंडरीला हात लावायचा नाही. आणि कुणी घाईघाईत सेकंडरीही उलटी गुंडाळली आणि प्रायमरीही पालटली, तर दोनदा उलटल्यामुळे गाडी पुन्हा मूळ पदावर येते.

तिसरी जागा फीडबॅकची. १८९१ मध्ये टेस्ला ज्या कोलंबियात बोलला, तिथेच १९१२ च्या सुमारास एडविन आर्मस्ट्राँग हा विद्यार्थी रेडिओच्या व्हॉल्व्हचा बाहेर आलेला संदेश एका छोट्या कॉइलने परत आत देत होता. जर्मनीत माइसनरनेही तेच साधलं. ती छोटी कॉइल योग्य दिशेने जोडली तर संदेश वाढतो, आणखी वाढवला तर व्हॉल्व्ह आपोआप दोलनं देऊ लागतो. उलटी जोडली तर परत आलेला भाग मूळ संदेशाच्या विरोधात जातो आणि सगळं गप्प. झोका येत असतानाच त्याला समोरून अडवण्यासारखं.

आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनांत हल्ली सर्रास दिसतो तो एका ट्रान्झिस्टरचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा छोटा "स्लेअर एक्सायटर". तो याच वंशातला. त्यात स्पार्क गॅप नसतो. सेकंडरीचं खालचं टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलेलं असतं आणि तेच प्रायमरी कधी चालू, कधी बंद हे ठरवतं. प्रायमरी उलटी असेल तर दोलन सुरूच होत नाही. ट्रान्झिस्टर नुसता तापतो, जवळ धरलेली सीएफएलची नळी पेटत नाही. इथे "वायरी उलट करून बघ" हा सल्ला अगदी बरोबर आहे. मोठ्या सॉलिड स्टेट कॉइलींत फीडबॅक घेणाऱ्या छोट्या कड्याबद्दलही हेच खरं.

म्हणून कुणी म्हणालं, "माझी कॉइल टोकं पालटल्यावर चालली," तर त्याला खोटं ठरवू नका. त्याला विचारा, तुझी कॉइल कुठल्या जातीची? ट्रान्झिस्टरवाल्याचा खरा अनुभव स्पार्क गॅपवाल्याच्या कानावर जातो आणि तो बिचारा हजार वेढे उलगडत बसतो. वाद बहुतेक वेळा इथेच अडकलेला असतो.

शोधायचं कसं?

शेवटी थोडं हाताने करण्याजोगं. दोन कॉइलींची दिशा जुळते की नाही हे मोठा दाब लावून बघायची गरज नाही. फॅरडेचाच प्रयोग करा. शाळेच्या प्रयोगशाळेतला मध्यभागी शून्य असलेला नाजूक गॅल्व्हानोमीटर सेकंडरीला लावा. प्रायमरीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. काटा कुठे उडतो ते बघा. फार कमी हलला तर सेकंडरीच्या पोकळीत तात्पुरती एक लोखंडी सळई ठेवा. दुसऱ्या कॉइलला अगदी त्याच पद्धतीने जोडून तेच करा. काटे एकाच बाजूला उडाले तर दोन्ही कॉइली एका फेजमध्ये. जुळ्यांसाठी एका प्रायमरीची टोकं पालटा. जी टोकं एकाच वेळी धन होतात त्यांच्यावर मार्करने एक ठिपका द्या. ट्रान्सफॉर्मरच्या आकृतीत जे ठिपके छापलेले असतात ते हेच.

हा प्रयोग सेलवर करायला आम्ही सांगतो याला आणखी एक कारण आहे. टेस्ला कॉइलच्या वरच्या ठिणगीची सगळ्यांना भीती वाटते, पण जिवावर बेततं ते खालच्या बाजूला: ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरपाशी. टोकं पालटून बघायची म्हणून चालू यंत्रात हात घालणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे. प्लग काढा, कपॅसिटर इन्सुलेटेड दांडीने शॉर्ट करून रिकामा झाल्याची खात्री करा, मगच वायरीला हात लावा. आणि बाजूला एक जाणता माणूस असू द्या.

तर सारांश असा. बॅटरीवर चालणाऱ्या रूमकोर्फ कॉइलला दिशा होती, कारण तिच्यातला मोठा झटका एकाच बाजूचा होता. हेलकाव्यांवर चालणाऱ्या एकट्या टेस्ला कॉइलला ती उरली नाही. जुळ्या कॉइली, सामाईक तार आणि फीडबॅक आले की ती परत येते, आणि तेव्हाही बहुतेक वेळा दोन टोकं पालटून काम भागतं. गुंडाळलेली सेकंडरी मुकाट्याने तशीच राहू द्या. तिचे वेढे एकमेकांवर चढलेले नाहीत, इनॅमल कुठे सोललेलं नाही आणि खालचं टोक नीट अर्थ केलं आहे, एवढं बघा. तारेच्या बाजूपेक्षा या गोष्टींवर ठिणगी जास्त अवलंबून असते.

इथे थांबतो.